तांबडा म्हणजे लाल नव्हे: उत्तरसूची करणाऱ्यांना खुले पत्र

डिचोली, गोवा

सन्माननीय मंडळींनो,
सप्रेम नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. मराठीच्या कृतिपत्रिका आणि त्यांच्या उत्तरसूच्या आपण कुठे बसून तयार करता, किती जण असता, मला ठाऊक नाही. पण आपण छापलेली एक ओळ गेल्या महिन्यात माझ्या घरी आली आणि नातीच्या अर्ध्या गुणाला आडवी गेली, म्हणून हे पत्र.

नात चौथीत आहे. प्रश्न होता, समानार्थी शब्द लिहा. ‘तांबडा’ या शब्दापुढे तिने लिहिलं, ‘मातीचा’. त्यावर फुली, आणि बाजूला सुवाच्य अक्षरात ‘लाल’. बाईंना मी दोष देत नाही. मी शाळेत गेलो तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी छापील उत्तरसूची काढून दाखवली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: तांबडा = लाल. “आजोबा, माझ्या हातात काही नाही हो,” म्हणाल्या. खरंच नाही. जे काही आहे ते त्या दोन आडव्या रेघांत आहे, आणि त्या रेघा आपण मारल्यात.

व्याकरणाने नातीचं उत्तर चूक, हे आधीच कबूल करतो. ‘मातीचा’ हा काही समानार्थी शब्द नव्हे. पण रंगाच्या हिशेबाने तिचं उत्तर आपल्या उत्तरापेक्षा जवळचं आहे, आणि हे मी आजोबा म्हणून नाही, रंगवाला म्हणून सांगतो. डिचोलीच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. चाळीसेक वर्षं डबे उघडतोय, ढवळतोय, लोकांच्या मनातला रंग डब्यात उतरवायचा प्रयत्न करतोय. लोक रंगाचं नाव काय घेतात आणि त्यांना हवा असतो कुठला, यातलं अंतर भरून काढण्यावरच आमचं पोट चालतं.

एकच प्रसंग सांगतो. तुळशीच्या लग्नाच्या आधीचे दिवस. मये गावातल्या एक वयस्क बाई आल्या, वृंदावनाला द्यायला तांबडा मागितला. दुकानात नवा पोरगा होता, त्याने ‘सिग्नल रेड’चा अर्ध्या लिटरचा डबा काढून दिला. बाई दुपारच्या बसने परत आल्या. डबा उघडलेला, बोटाला रंग. काउंटरवर डबा ठेवून एवढंच म्हणाल्या, “हो लाल. म्हाका तांबडो जाय.” (हा लाल आहे, मला तांबडा हवा.) पोरगा हसून म्हणाला, आजी, दोन्ही एकच. बाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. वाकून चपलेच्या कडेला चिकटलेली माती बोटावर घेतली, जिभेने ओली केली आणि माझ्या शेडकार्डवर एक रेघ ओढली. ती रेघ ‘रेड ऑक्साइड’ आणि ‘टेराकोटा’ यांच्या बरोबर मधे येऊन बसली. उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही, तो घेतला. रेड ऑक्साइडमध्ये किंचित पिवळा घालून त्यांना हवा तो तांबडा करून दिला. ते शेडकार्ड अजून माझ्या गल्ल्यात आहे. रेघ थोडी उडाली आहे, पण दिसते.

आता आपण म्हणाल, कोकणीत तसं असेल, आम्ही मराठीचं बोलतोय. आम्हा गोव्यातल्या मराठी माणसांना हे वाक्य बरंच ऐकावं लागतं. पण इथे तांबडो आणि तांबडा या एकाच घरातल्या जावा आहेत. दोघींचं माहेर तांब्यात. संस्कृत ताम्र, त्याचं तांबं, त्यावरून तांबडा. हातात धरतो तो तांब्याही त्याच घरचा, आता स्टीलचा झाला तरी नाव सोडलेलं नाही. तांबट तिथलाच. तांबट पक्षी मात्र रंगावरून नाही, आवाजावरून. टुक टुक करून दुपारभर भांडी ठोकत असल्यासारखा बसतो, अंगाने हिरवा. (तांबूलाचा या घराशी संबंध नाही. विड्याने तोंड रंगतं म्हणून पुष्कळांना तसं वाटतं.)

तांब्याचा रंग म्हणजे काय ते कळायला आमच्याकडचं भाण बघायला हवं. भाण म्हणजे न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं. चुलीवर बसून बसून त्याचं बूड काळंठिक्कर आणि अंग मळकट चॉकलेटी होतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आई ते अंगणात काढायची आणि चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसायची. आंबट लागलं की तांब्यावरचा काळपट थर विरघळतो. पहिल्या हाताला काही नाही. दुसऱ्या हाताला एक टिकली एवढी जागा उघडी पडायची. मग ती टिकली पसरत जायची, आणि खालून जो रंग वर यायचा तो ना लाल, ना नारिंगी, ना तपकिरी. तिन्हींचा त्याच्यावर थोडा थोडा हक्क. पाणी ओतलं की क्षणभर गुलाबीसुद्धा दिसायचा. आईने आम्हाला तांबड्याची व्याख्या कधी शिकवली नाही, पण शेजारी बसवून भाण घासायला लावलं, त्यात सगळं आलं.

एवढा ऐसपैस शब्द असल्यावर माणसं त्यात काय काय भरतात ते बघा. गाय तांबडी. गोठ्यात जाऊन बघा, ती चक्क तपकिरी असते, पण तिचं नाव तांबू आणि तिच्या गोऱ्ह्याचं तांबड्या. तिला लाल म्हटलं तर शेतकरी तोंडाकडे बघत राहील. (मराठवाड्यातली लाल कंधारी जात मला माहीत आहे, पत्र लिहून कळवू नका.) भोपळा तांबडा. हा तर कापल्यावर नारिंगी, उन्हात धरला तर पिवळ्याकडे झुकलेला, आणि बाहेरून पुष्कळदा हिरवा. केस उन्हाने तांबूस होतात. पिकावर पडतो तो तांबेरा, लोखंडावरच्या गंजासारखा दिसतो म्हणून. मासळीच्या पाटीत तांबोशी, तिचं अंग गुलाबी. आणि तांबडी भाजी. ती खरं म्हणजे जांभळ्याच्या शेजारी जाऊन बसलेली; शिजली की वरचं खोबरं गुलाबी करते आणि पोरांचा भात रंगवते, तरी ती तांबडीच. गोव्यात सणावाराचं पान तिच्याशिवाय वाढलं तर सासू विचारते.

तपकिरीपासून जांभळ्यापर्यंत एवढा मुलूख ज्या शब्दाच्या ताब्यात, त्याला आपण एका ‘लाल’च्या बरोबरीला बसवलंत. पंगतीत आजोबाला नातवाच्या पाटावर बसवण्यातला प्रकार आहे.

‘नातू’ असं ‘लाल’ला उगाच म्हणत नाही. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे तो एका खड्याचं, माणकाचं नाव. म्हणून त्याच्या अंगात चमक आहे. लालचुटूक, लालबुंद, लालभडक, हे सगळे लांबून नजरेत भरणारे. लाल दिवा, लाल बावटा, लाल फीत: जिथे कोणाला थांबवायचं किंवा भिववायचं असतं तिथे लाल. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तांबडा दिवा कोणत्याच मंत्र्याला कधी नव्हता, गरजही पडली नाही. माणूस स्वतःची लाल करतो, तांबडी करत नाही. उलट, पहाट होते तेव्हा तांबडं फुटतं. ‘लाल फुटलं’ असं म्हणून बघा एकदा. फटाका वाटतो.

आणि दोन्ही एकच असते तर ‘तोंड तांबडंलाल झालं’ असं आपण कशाला म्हटलं असतं? एकाने भागलं नाही म्हणूनच दुसरा जोडला ना.

पुढचा मुद्दा आपल्याच पुस्तकांतला आहे. इंद्रधनुष्याचे रंग पाठ करायला आम्हाला शिकवलं ते ‘तानापिहिनिपाजा’. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. नातीलाही हेच शिकवलं आहे. तांबडा आणि लाल यांच्यामधे बरोबरची खूण घालायचीच असेल, तर उद्यापासून ‘लानापिहिनिपाजा’ म्हणायला सांगा. वर्गातली पोरं तुम्हाला काय म्हणतील ते मी लिहीत नाही. खरं सांगायचं तर विज्ञानाच्या पुस्तकातला तांबडाही स्वयंपाकघरातल्या तांबड्याहून अरुंदच आहे. तिथे तो पट्ट्याचं एक टोक धरून बसतो, शेजारी नारिंगीला वेगळी खोली आहे. भोपळ्याला ते इंद्रधनुष्य कुठे ठेवणार? पण निदान तिथे शब्दाला हाकललेलं नाही. भूगोलातही एके काळी तांबडा समुद्र होता. 1513 साली पोर्तुगीजांचा गव्हर्नर आल्बुकेर्क गोव्याहून आरमार घेऊन एडनवर गेला, एडन काही पडलं नाही, मग तसाच पुढे तांबड्या समुद्रात शिरला, असं आम्ही वाचत होतो. हल्ली बातम्यांत तोच ‘लाल समुद्र’ झाला आहे. मंगळ तर कधीचाच ‘लाल ग्रह’ झाला. त्याचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे थेट आमच्या अंगणातला, आणि तरी तो लाल.

आता मातीचं. नातीने ‘मातीचा’ का लिहिलं हे उत्तरसूचीला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या पायाखाली जांभा आहे. पावसाने लाखो वर्षं खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम ठेवलं. त्या लोखंडाचा हा रंग. गंमत अशी की दगडाचं नाव मात्र जांभळाच्या रंगावरून पडलं. त्याचे चिरे काढून घरं बांधतो, त्याच्याच मातीत मिरची लावतो, आणि शाळेचे पांढरे मोजे जूनमध्ये एकदा त्यातून गेले की पुन्हा पांढरे होत नाहीत. सून दर पावसाळ्यात मोज्यांचे चार जोड आणते. पहिल्या पावसात वाळवंटी नदीला पाणी येतं ते तांबडं. पणजीत सांतिनेजला तांबडी माती नावाचा भागच आहे. मोलेच्या जंगलात तांबडी सुरला आहे, तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ काळ्या बेसाल्टचं, नाव मात्र तांबडं.

पाठ्यपुस्तकात शेतकऱ्याची ‘काळी आई’ येते. सुंदर शब्द आहे. घाटावरच्या माणसाला तो शोभतो, त्याची जमीन तशीच आहे. जुन्या दप्तरांत पिकाची जमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. आमच्या पोरांनी मात्र काळी माती पाहिलेली नसते. ती ‘काळी आई’ पाठ करतात आणि चित्र रंगवायची वेळ आली की गुपचूप तांबडा खडू उचलतात. खडूच्या डबीवर, अर्थात, ‘लाल’ असंच छापलेलं असतं, आणि तो खडू मातीला लागत नाही. मग तपकिरीवर लाल घासून आमची पोरं आपली माती तयार करतात. माझ्या धंद्यातलं अर्धं शिक्षण त्यात आलं.

डिचोली तालुक्यातल्या माणसाच्या तोंडी तांबडा शब्द आणखी एका कारणाने आहे. लोहखनिजाच्या खाणी. ट्रकमागून ट्रक जायचे तेव्हा रस्त्याकडेची आंब्याची पानं, तारेवरचे कपडे, दुकानातले डबे, सगळ्यावर एकच रंग. मी दिवसातून तीनदा फडका मारायचो. शेतात खाणीचा गाळ उतरला की लोक म्हणायचे, शेत तांबडं झालं, आणि ते ऐकून कोणी खूश होत नसे. 2012 साली खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पानं हिरवी झाली आणि ट्रकवाल्यांच्या घरची चूल मंदावली. त्या काळात माझी उधारी किती थकली ते वेगळं. इथे तांबडा म्हणजे घरची माती, तांबडा म्हणजे शेतावरचं संकट, आणि तांबडा म्हणजे पगारसुद्धा. हे तिन्ही अर्थ एका गल्लीत राहतात. ‘लाल’ला त्यातला एकही पेलणार नाही. आणि जी भुकटी डोंगरातून जपान-चीनला गेली, तिच्याच जातीची लोहाची भुकटी मी रेड ऑक्साइड प्रायमर म्हणून विकतो. लोखंडी गेटाला गंज चढू नये म्हणून गंजाच्याच भावकीतला लेप! गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर तो डबा खाली ठेवील, म्हणून सांगत नाही.

तांबड्याच्या आसपासचे शब्द तर आपण यादीतही घेतले नाहीत. काव, म्हणजे तांबडी माती, रंगासाठी चाळून घोटलेली. पेडण्याकडे मोरजीला मोरजाईच्या देवळात जा. चुन्याच्या भिंतीवर कावेचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून पांढऱ्या-तांबड्यात नक्षी काढलेली आहे. दोनच रंग. तिला कावी म्हणतात. दुसरा शब्द हुरमुंजी. हा रंग आमच्या वडिलांच्या वेळी लोक नावाने मागायचे. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा म्हातारे तेवढे मागत होते, आता कोणीच नाही. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ बेट आहे, तिथली माती तांबडी. ते बेट 1515 पासून 1622 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, तिथून गोव्याला घोडे यायचे. बेटाच्या नावाने तिथली माती जगभर गेली आणि मराठीत हुरमुंजी होऊन राहिली. आज तोच होर्मुझ तेलाच्या बातम्यांत ऐकतो, तेव्हा मला वडिलांच्या दुकानातलं गोणपाट आठवतं. आणि रक्त शब्दाचा ‘राता’ होऊन रातांब्यात आणि रताळ्यात बसला आहे, तोही कोणी विचारत नाही. एका रंगाला एवढे शब्द, आणि मुलांच्या हाती आपण एक देतो आहोत, तोही बाजारातला सगळ्यात स्वस्त.

लालवर माझा राग नाही. ‘लाल माती’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, कुस्तीचे शौकीन तर सर्रास म्हणतात. भाषा माणसांच्या तोंडात बदलते, तिथे मी कोण अडवणार? माझं भांडण आहे ते बरोबरच्या खुणेशी. माणसाने दोन शब्दांतून एक निवडला तर ती निवड झाली. आपण चौथीतल्या मुलीला सांगितलंत की निवडायला काही नाहीच.

माझं मागणं फार नाही. उत्तरसूचीत समानार्थी शब्दांच्या मधे ‘=’ घालू नका, स्वल्पविराम द्या. रंगाच्या शब्दांना तरी समानार्थीच्या रकान्यातून बाहेर काढा, आणि त्याऐवजी विचारा: तुमच्या घरातल्या तांबड्या वस्तू सांगा, लाल वस्तू सांगा, एखादी दोन्हीकडे बसते का ते सांगा. उत्तरं तपासायला त्रास होईल, कारण पेडण्याचं पोर एक सांगेल आणि काणकोणचं दुसरं. त्या त्रासाचा पगार आपल्याला मिळत असावा असा माझा अंदाज आहे. आणि एखाद्या मुलाने सूचीबाहेरचं उत्तर लिहिलं तर फुली मारण्याआधी बाईंना त्याला ‘असं का लिहिलंस?’ एवढं विचारायची मुभा ठेवा, तशी एक ओळ सूचीखाली छापा.

अर्ध्या गुणासाठी हे लिहिलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं ठरलं असतं. तो अर्धा गुणही हवा आहे. नातीने वहीत हिशेब करून ठेवला आहे, त्या अर्ध्यामुळे तिचा नंबर एकाने गेला.

सोबत शाळेच्या मागच्या बांधावरची चिमूटभर माती पाठवतो आहे, शेडकार्डाशी लावून बघावी. टपालात भिजू नये म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली आहे. तरीही पावसाचे दिवस आहेत. आपल्या कागदांना किंवा सदऱ्याला लागली तर माफ करा. साबणाने जात नाही. चिंच लावून बघा.

आपला,
डिचोलीचा एक रंगवाला